जटाधारी बाबाची पूड

कुरखेड्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा टकलांचीच गर्दी जास्त. जटाधारी बाबा ओट्यावर बसून जटा हलवत ओरडत होता, "पहाडावरची जडी! लावायची नाई, फक्त चाटायची! देवीनं सपनात येऊन दिली!" शेजारी जिवंत पुरावा म्हणून तलावावर मासे धरणारा धनराज बसवलेला. सहा महिन्यांमागं त्याचं कपाळ टाळूपर्यंत गेलं होतं. आता तिथं खरोखर केस होते. लोक ते चाचपून पाहत आणि बाबाच्या पाया पडत. मी इथल्या शाळेतला मास्तर, स्वतः ठार टकला. बाबानं मलाही हाक मारली. म्हटलं, माझं डोकं आतून चालतंय तेवढं पुरे.

सगळे केस बघत होते, धनराजचा चेहरा कोणीच बघत नव्हतं. मान खाली, नजर मेलेली. त्याची बायको रंभा मला बाजूला घेऊन रडायला लागली.

"मास्तर, हे झोपत नाईत. जाळं पाण्यात विसरून येतात. काल तलावात गळ्यापर्यंत जाऊन उभे होते. म्हणे, जगून का करू?"

"बाबाले सांगितलं?"

"सांगितलं ना! म्हणते, हे केस हडळीचे हायेत, ते वापस मांगून राह्यली. पूड दुप्पट चाटव अन् काळा बोकड आण."

माझं डोकंच फिरलं. माणूस बुडायला निघालाय आणि या हरामखोराला मटण सुचतंय!

"रंभाबाई, पूड अन् सूप आणा. पाखडून पाहू, तिच्यात काय हाये ते. इथीच, सगळ्यांसमोर."

ती पाखडायला लागली. पाल्याचा चुरा भुर्रकन उडाला. सुपात उरले पांढरे कण आणि निळे टवके. गर्दीतून धनराजचा सोबती इसरू भोई पुढं झाला, त्यानं बाबाची झोळी उलटी केली. जडी कुठली? निळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या! बाबा पळायला निघाला, त्या झटापटीत जटा इसरूच्या हातात आल्या. खाली गुळगुळीत टक्कल. दुसऱ्यांना चाटवणारा हा लबाड स्वतः मात्र चाटत नव्हता!

दवाखान्यात दीपिका डॉक्टरांनी पट्टी बघितली. "ही केस गळण्यावरची गोळी. शरीरातल्या एका हार्मोनची वाट अडवते, म्हणून काहींना केस येतात. पण थोड्या लोकांना उदासी येते, झोप उडते, मरावंसं वाटतं, अशा तक्रारी नोंदल्या गेल्यात. सगळ्यांना होत नाही. धनराजभाऊंना याच्यामुळेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कदाचित असेल. गोळी आजच बंद. यांना एकटं सोडू नका, आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवू."

धनराज लगेच बरा झाला नाही. उपचार चालू राहिले, महिने गेले, केसही गेले. मग एका सकाळी तो स्वतःहून जाळं घेऊन निघाला, वर भाकरी करपली म्हणून रंभावर ओरडला. ती धावत माझ्याकडं आली. "मास्तर, हे मले शिव्या देऊन राह्यले!" आणि हसता हसता रडली.

लोकहो, बाबाच्या तोंडून एकदाही 'कदाचित' निघालं नाही. डॉक्टर शिकलेल्या, तरी त्या 'कदाचित' म्हणाल्या. कुणी काही चाटवायला आलं तर आधी विचारा, यात काय आहे आणि यानं काय बिघडू शकतं? उत्तराऐवजी देवी पुढं केली, तर सूप आणा. लाजू नका. रंभानं सूप आणलं नसतं, तर धनराज आज त्या तलावाच्या तळाशी असता, भरघोस केसांसकट.