चौकटबाबांचं लाल तेज

वळ गावच्या गोदामांमागे सकाळपासून ही झुंबड उडाली होती. प्रत्येकाच्या कपाळावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला. वडापावच्या गाडीवर पैसे देताना ज्याच्यासमोर फोन धरतो, तसलाच क्यूआर कोड! पुढे पाटावर चौकटबाबा, आणि त्यांच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र.

बाबा यंत्राचा लाल उजेड कपाळावर मारत. 'टीं!' वाजलं की ओरडत, "पकड लिया! रोग गावला!" मग चिमूटभर विभूती त्या चौकोनावर फासून पुन्हा यंत्र रोखत. शांतता! "भाग गया! आता औषधं बंद. आन् कपाळाला फोन लावू नका रे, रोग फोनात शिरंल, सगळ्या नंबरांना लागंल!"

हे लोकांना इतकं पटलं होतं की काहींनी सासुरवाडीचे नंबर आधीच खोडले होते. दानपेटीवरच्या चौकोनाला फोन लावायला मात्र बाबांची हरकत नव्हती.

शाळेतल्या माधवीबाई आल्या त्या प्राजक्ताला शोधत. त्यांच्या वर्गातली ही पोर चार दिवस गैरहजर होती. रांगेत आई देवकीच्या खांद्यावर ती मान टाकून पडलेली दिसली, कपाळावर चौकोन. बाई तडक तिच्याजवळ गेल्या.

"देवकी, डॉक्टरांकडे नेलंस का हिला?"

"न्हाय बाई. घरात तापाच्या गोळ्या व्हत्या, त्या बाबांनी टाकायला लावल्या. आता आमचा नंबर हाय."

बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी पाटाजवळच्या थाळीतला एक चौकोन उचलून नारळावर चिकटवला आणि बाबांसमोर धरला. बाबांच्या सवयीच्या हाताने यंत्र दाबलं. टीं!

"नारळालाबी बाधा हाय!" बाबा जराही डगमगले नाहीत. पुढची माणसं घाबरून नारळापासून लांब सरली.

बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग नुकत्याच 'बऱ्या' झालेल्या केसरीनाथच्या कपाळावरची विभूती पदराने पुसली, बाबांच्या हातातलं यंत्र हिसकावलं आणि त्याच्यावर रोखलं. टीं!

"मेलो! माझी शुगर परत आली!" केसरीनाथ किंचाळला.

"गेली कधी होती?" बाई कडाडल्या. त्यांनी प्राजक्ताच्या कपाळावरचा चौकोन फोनने टिपून मोठ्याने वाचला, "प्रेशर कुकर, पाच लिटर! अहो, हे खोक्यांवरचे चौकोन आहेत आणि हे गोदामातलं माल मोजायचं यंत्र. चौकोन दिसला की वाजतं, विभूतीने झाकला की गप्प बसतं. गाडीवर दहा रुपये देताना समोर आलेलं नाव वाचता ना? मग इथे पोराबाळांचा जीव देताना का नाही वाचलंत?"

बोलता बोलता त्यांनी पोरीच्या कपाळावर विभूती फासली आणि यंत्र दाबलं. आवाज नाही.

"बघ देवकी, मीही बरी केली हिला. आता तो कागद काढ आणि हात लाव."

देवकीने कागद सोलला, कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "आये! पोर पेटलीया!" पोरीला छातीशी धरून ती रिक्षाकडे धावत सुटली.

बाबा एव्हाना दानपेटीसकट गोदामामागे पसार झाले होते. बाई रिक्षाकडे वळल्या, तर केसरीनाथ आडवा आला. त्याच्यामागे अख्खी रांग कपाळं पुढे करून उभी!

"बाई, आता तुमीच विभूती लावा. तुमच्या हाताला गुण हाय!"

माधवीबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या रिक्षात पाय ठेवून ओरडल्या, "गुण औषधाला असतो रे! रांगच लावायची हौस असेल, तर सरकारी दवाखान्यात चला आणि तिथे लावा!"