हत्तीचा राशीदोष

श्रुतिका परबने एक वेबपान दाखवण्यासाठी पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिलेला पाच ओळींचा प्रोग्राम भांडुपच्या एका सभागृहात, राशीला कोणती भाषा लाभते हे सांगणाऱ्या परीक्षेच्या संगणकावर, प्रत्येक वेळी बंद पडला. तेच वेबपान दाखवणारा तिचा पायथन या दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम त्याच संगणकावर प्रत्येक वेळी चालला. घरच्या लॅपटॉपवर दोन्ही चालत होते.

सभागृह खचाखच भरले होते. नोकरीच्या शोधातली मुले आणि त्यांचे पालक पडद्यावरच्या लाल अक्षरांना हात जोडत होते: 'राशीदोष'. परीक्षा घेणारे ज्योतिषी चंद्रप्रकाश गुरुजी यांनी कीबोर्डवर हळदकुंकू वाहिले.

"पायथन म्हणजे सर्प. हिच्या मिथुन राशीला सर्प लाभतो! पीएचपीचं चिन्ह हत्ती. मिथुनाच्या घरात हत्ती शिरला, की आधी आई आडवी होते! दोषनिवारण वर्गाची नोंदणी बाहेर सुरू आहे."

श्रुतिकाला गोरेगावच्या एका कंपनीत पहिली नोकरी मिळाली होती. काम पीएचपीचे होते आणि होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तिच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, तिचा हात घट्ट धरला.

"नको गो बाय ती नोकरी."

"आई, त्यांची अख्खी वेबसाइट पीएचपीत आहे. हत्ती म्हणजे नुसतं चित्र गं!"

आईच्या मरणाची भीती घालून लेकीची नोकरी हिरावली जात होती. या किळसवाण्या प्रकाराला सभागृहाने टाळ्या दिल्या.

शेजारी राहणारे भौतिकशास्त्राचे शिक्षक सुबोध सर सोबत आले होते. त्यांनी विचारले, "परीक्षेआधी तुला काय विचारलं?"

"जन्मतारीख. संगणकातच टाइप करायची असते."

"मग संगणक तोच, प्रोग्राम तेच. फक्त तारीख माझी टाक."

श्रुतिकाने सरांची तारीख टाकून दोन्ही प्रोग्राम पुन्हा दिले. पीएचपी चालला. पायथन बंद पडला.

"खोटी तारीख! ग्रहांची फसवणूक!" गुरुजी गरजले.

"ग्रहांना तिची खरी तारीख ठाऊक असायला हवी," सर म्हणाले. "फसला तो संगणक. त्याला टाइप केलेलं तेवढंच कळतं."

गुरुजी संगणक बंद करायला धावले. मागून कुणीतरी ओरडले, "ओ गुरुजी, हात मागे! बघू दे ना यार तिला!"

श्रुतिकाने परीक्षेचाच प्रोग्राम उघडून पडद्यावर लावला आणि ओळीन् ओळ मोठ्याने समजावली.

"म्हणजे ह्या सगळा आदीच लिवन ठेवलेला?" सुलक्षणाबाई गुरुजींकडे पाहत म्हणाल्या. "सोमवारपर्यंत कशाक थांबतंस गो? आताच हो म्हणान कळव."

सर लोकांकडे वळले. "भाषा कामाला जुळते का ते बघा, कुंडलीला नव्हे. आणि चमत्कार दिसला, तर एकच गोष्ट बदलून तो पुन्हा करून बघा."

कारण असे होते. टाइप केलेल्या जन्मतारखेवरून राशी ठरे. प्रत्येक राशीसाठी एक भाषा आधीच निषिद्ध ठरवलेली होती. त्या भाषेतला प्रोग्राम आला, की तो चालवलाच जात नसे. थेट लाल संदेश दाखवला जाई. श्रुतिकाच्या तारखेला तिच्या पीएचपीच्या पाच ओळी त्या संगणकाने एकदाही वाचल्या नव्हत्या.