जोडीचं पान

चिमट्यातला काचेचा दोरा पुन्हा निसटला. हिरव्या पानावर आडवा पडला आणि डिंकात चिकटून बसला. थोरली तो उचलायला गेली, तर त्याचे दोन तुकडे झाले.

"गेलं," ती स्वतःशीच म्हणाली.

नखाएवढं पान होतं ते. हिरव्या काचेतून पान कापायचं, कडा घासायच्या, वर केसासारख्या बारीक पांढऱ्या काचेच्या शिरा चिमट्यानं डिंकावर मांडायच्या आणि भट्टीत ठेवून द्यायचं. भट्टी तापली की काच मऊ पडते, शिरा पानाला धरतात, आणि सगळं सावकाश निवलं की कानात घालायचं पान तयार. थोरलीनं अशी पानं किती केली असतील याला गणतीच नव्हती. एके काळी ती धाकट्या जावेशी गप्पा मारता मारता शिरा मांडायची, मान वर करून हसायचीसुद्धा. आता श्वास रोखून बसली तरी चिमट्याचं टोक थरथरत होतं.

"ताई, चहा झालाय," दारातून धाकटी जाऊ म्हणाली.

"हो पुढे. आलेच."

थोरलीनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला. धाकटी दारात जराशी रेंगाळली, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण मग गेली.

घर धाकट्या दिराचं होतं. नवरा गेल्यावर थोरली इथे आली ती कपड्यांची एक पेटी आणि ही विजेची भट्टी घेऊन. दिरानं कुरकुर न करता मागची खोली रिकामी केली, भट्टीसाठी वेगळी जाड वायर ओढून दिली. तेव्हापासून थोरली दागिने करायची आणि धाकटी ते दुकानांत पोचवायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. पाहुण्यांपुढे दीर हसत म्हणायचा, "आमचं घर वहिनींच्या नावानं ओळखतात. मला इथे कुत्रं विचारत नाही." थोरली "काहीतरीच तुमचं" म्हणायची खरी, पण त्या बोलण्याच्या जोरावरच ती या घरात मान ताठ ठेवून वावरत होती.

हात कधी थरथरायला लागला ते तिला नीट सांगता आलं नसतं. आधी नुसती करंगळी हलायची. मग बटणं लागेनाशी झाली. डॉक्टर म्हणाला, "हे हळूहळू वाढत जाणार. गोळ्यांनी लांबवता येईल, थांबवता नाही येणार." तिनं घरी सांगितलं, रक्त कमी आहे म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्यात. दिराला काय कळलं होतं कोण जाणे, पण परवाच जेवताना तो म्हणाला, "वहिनी, खूप केलंत. आता आराम करा. मागच्या खोलीत उजेड चांगला येतो, तिथेच तुमची झोपायची सोय करून देतो. भट्टी काय, काढून ठेवू."

प्रेमानंच म्हणाला तो. थोरलीनं ताट बाजूला सारलं. भट्टी काढल्यावर या घरात ती कोण? दिराच्या घरी राहणारी विधवा भावजय. खिडकीशी बसून भाजी निवडायची, आणि तीही हातातून सांडायची.

पोस्टाच्या खिडकीवर बसणारी बाई आली ती त्याच आठवड्यात. तिनं पर्समधून रुमाल काढला, रुमालातून एक हिरवं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"तुम्हीच केलेलं आहे, काकू. आईनं घेतलं होतं तुमच्याकडून. रोज घालायची. हॉस्पिटलात जोडीतलं एक हरवलं. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात, पण सारखं विचारायची, 'दुसरं सापडलं का गं?'" बाईनं नाक पुसलं. "नाही सापडलं. आता तीही नाही. मला दोन्ही घालायची आहेत, काकू. याच्या जोडीचं एक करून द्याल?"

थोरलीनं डाव्या हातानं पान खिडकीपाशी धरलं. मधली शीर देठापासून टोकापर्यंत निमुळती होत गेलेली, बाजूच्या शिरा एकाच अंतरानं फुटलेल्या. बोटाखाली त्या उंच लागत होत्या. एकही इकडची तिकडे नव्हती. थोरलीला स्वतःच्याच जुन्या हाताचा हेवा वाटला.

"बघू या हं, जमलं तर..." धाकटीनं सुरुवात केली.

"जमलं तर म्हणजे? माझंच काम आहे हे," थोरली तिचं बोलणं तोडत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या तुम्ही. जोड तयार असेल."

बाई गेल्यावर धाकटीनं थोरलीकडे पाहिलं नाही. नुसती टेबल आवरत राहिली.

त्यानंतर थोरली रोज सकाळी बसायची ती संध्याकाळपर्यंत. पहिल्या पानाच्या शिरा वाकड्या गेल्या. दुसऱ्याला डिंक सांडला. मनगटाखाली उशी घेऊन झाली, कोपर टेबलाला फडक्यानं बांधून झालं, डाव्या हातानंही करून झालं. एकदा कसं कोण जाणे, शिरा बऱ्या बसल्या. तिला धीर निघेना. भट्टी निवायच्या आधीच तिनं झाकण उचललं, गार वारा आत शिरला आणि टिक असा आवाज झाला. पान मधोमध तडकलं.

धाकटी आवाज ऐकून आली. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "झाकण कुणी उघडलं होतं मघाशी?"

"मी नाही. मी आत्ताच येतेय बाहेरून."

"मग काय आपोआप उघडलं? शंभरदा सांगितलं, गरम असताना हात लावू नका म्हणून! एवढं चांगलं बसलं होतं!"

धाकटीनं तडकलेल्या पानाकडे पाहिलं. मग थोरलीच्या हाताकडे, जो अजून झाकणाच्या मुठीवर होता आणि मूठ खडखड वाजत होती.

"बरं," ती हळूच म्हणाली. "माझ्याच हातून उघडलं असेल."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

संध्याकाळी धाकटी पुन्हा खोलीत आली आणि स्टूल ओढून बसली. "ताई, मी मांडून बघू का शिरा? तुम्ही शेजारी बसून सांगा."

"तू? तुला पट्टी धरून सरळ रेघ मारता येत नाही."

"नाही येत. शिकेन की."

"शीक. मी गेल्यावर शीक."

"असं काय बोलता? आणि मी काय आंधळी आहे का, ताई? किती दिवस झाले, तुमच्या ताटातली आमटी..."

"जा इथून!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की पुढच्या खोलीतून दीर म्हणाला, "काय झालं गं?"

"काही नाही. उंदीर दिसला," धाकटीनं ओरडून सांगितलं आणि डोळे पुसत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. उद्या पोस्टातली बाई येणार होती. थोरलीपुढे टेबलावर दोन पानं होती. एक त्या बाईच्या आईचं. दुसरं तिनं कालपासून खपून केलेलं, एकदा भट्टीतून निघालेलं. ते तडकलं नव्हतं, एवढंच. शिरा जाड, थबकत थबकत गेलेल्या, शाळेतल्या पोरानं काढल्यासारख्या. शेजारी ठेवलं की कुणालाही कळलं असतं. बाईला कळलं असतं, दिराला कळलं असतं, मग भट्टी निघाली असती.

नवं जुन्यासारखं होत नव्हतं. पण जुनं नव्यासारखं करता येत होतं.

हा विचार मनात आला आणि तिनं दाराकडे पाहिलं. दोन्ही पानं पुन्हा भट्टीत ठेवायची आणि आच नेहमीपेक्षा चढवायची. शिरा पुरत्या वितळून हिरव्यात पसरतील, सरळ काय नि वाकड्या काय, दोन्हींवर धुकं धरल्यासारखा पांढरा रंग राहील. जोड जमेल. आणि त्या मेलेल्या बाईनं आयुष्यभर कानात घातलेलं पान या जगात उरणार नाही. यातलं काही तिला कळत नव्हतं असं नाही. तिच्याइतकं नीट कुणालाच कळलं नसतं.

तिनं आईच्या पानाचा हुक काढला. पान भट्टीतल्या फरशीवर ठेवलं, शेजारी दुसरं. झाकण लावलं, बटण दाबलं.

मग ती स्टुलावर बसून राहिली. भट्टी तापायला वेळ लागतो. अजून बंद केली तर काही बिघडणार नाही, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळानं, अजूनही बंद करता येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणखी थोड्या वेळानंही तेच सांगितलं. भट्टीच्या डोळ्यातून, झाकणातल्या त्या बारीक भोकातून, केशरी उजेड दिसायला लागला, तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

सकाळी भट्टी गार झाली होती. झाकण उघडून ती आतली फरशी बाहेर काढायला गेली, आणि हात असा काही हलला की दोन्ही पानं घसरून एका कोपऱ्यात जमा झाली. तिनं ती उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. दोन्ही गुळगुळीत, दोन्हींवर तोच पुसट पांढुरका डाग. कुठलं कुठलं, ते तिलाही सांगता येईना.

धाकटी मागे कधी येऊन उभी राहिली ते तिला कळलंच नाही. धाकटीनं दोन्ही पानं पाहिली, रिकामा पडलेला हुक पाहिला. तोंडावर हात ठेवला.

"ताई... हे काय केलंत?"

थोरलीनं पानं पुसायला मऊ कापड घेतलं.

पोस्टातली बाई जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आली. धापा टाकत खुर्चीत बसली. थोरलीनं पानं मऊ कापडावर मांडून ठेवली होती.

"अय्या, केलीत? दोन्ही एकसारखी!" बाईनं एक पान उचललं, त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरं उचललं आणि त्यावरून फिरवला. पुन्हा पहिलं. शीर कुठेच लागेना. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "काकू, यातलं आईचं कुठलं?"

"हे," धाकटी घाईनं म्हणाली आणि एका पानाकडे बोट केलं. "हे डावीकडचं. आम्ही जरा स्वच्छ केलं ना, म्हणून वेगळं वाटतंय."

बाईनं ते पान तळहातावर घेतलं. गालाजवळ नेलं. तिला विश्वास ठेवायचा होता हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आता गप्प बसलं की झालं. बाई पानं घेऊन जाईल, दीर काही बोलणार नाही, उद्या सकाळी खोली आहे तशीच असेल.

"ती खोटं बोलतेय," थोरली म्हणाली. "माझ्यासाठी बोलतेय."

"ताई!"

"थांब तू. बाई, मला नाही माहीत यातलं कुठलं. मला जोड जमेना. म्हणून मी तुमच्या आईचं पान भट्टीत घातलं आणि बिघडवलं. हात कापतो माझा. मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं." तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. हात लाकडावर टकटक वाजायला लागला. तिघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मला सांगायचं होतंत," बाई म्हणाली. "मी एकच घातलं असतं हो. मला एक चाललं असतं."

"हो," थोरली म्हणाली.

बाईनं दोन्ही पानं मुठीत घट्ट धरली. रडली, पण आवाज न करता. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं, रुमालानं तोंड पुसलं आणि मूठ उघडून टेबलावर पुढे केली.

"हुक लावून द्या. यातलं एक तर तिचंच आहे ना."

थोरलीनं सवयीनं पक्कड उचलली. पकडीचं तोंड हवेत डुगडुगलं. तिनं ती पुन्हा टेबलावर ठेवली आणि धाकटीकडे सरकवली. मग जागेवरून उठली, खिडकीसमोरची स्वतःची खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली आणि कडेचं स्टूल ओढून शेजारी बसली.

धाकटी बिचकत खुर्चीवर टेकली. तिनं पान उचललं, पक्कड धरली.

"तशी नाही. जरा मागून धर," थोरली म्हणाली. "हं. आता दाब. हळू, बाई, हळू. काच आहे ती."