फियाटचा जीव

माझ्या फियाटला आमच्या घरात कोणी माणसात धरत नाही. मुलगा सूरज तिला भंगार म्हणतो आणि बायको साळुबाई सरळ सवत म्हणते. राजुरीत गाडी बंद पडली की लोक आधी मला रामराम घालतात आणि न सांगता बाह्या सरसावून मागे जातात, इतकी सवय झाली आहे.

सूरज चाकणला कंपनीत आहे. त्याने नवी गाडी घेतली आणि तिला सावली हवी, म्हणजे माझं शेड हवं. त्याने फर्मान काढलं, "आबा, रविवारी तेजूच्या बाळाचं बारसं हाय. तुमी तुमच्या गाडीनं अवसरीला चला, मी मागनं येतो. वाटंत एकदा जरी ढकलावी लागली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावतो. न्हाई लागली, तर शेड तुमचं."

तेजू म्हणजे आमची लेक, अवसरीला दिलेली. मी म्हटलं, "मान्य." तोंड आवरणं मला जन्मात जमलेलं नाही.

आता गाडीचं दुखणं सांगतो. तिचा मूळचा पेट्रोलपंप इंजिनाच्याच जोरावर चालायचा. तो गेला तेव्हा मी मागे टाकीजवळ विजेवरचा पंप बसवला, टकटक वाजणारा. पण विजेच्या पंपाला अक्कल नसते. इंजिनातलं ऑइल संपलं तरी तो पेट्रोल पाजतच राहतो आणि इंजिन जाम होऊन बसतं. म्हणून पंपाची वायर मी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या बटनातून नेली. ऑइलचा दाब असेल तरच बटन आतून जुळणार आणि पंपाला करंट मिळणार. ऑइल नाही तर पेट्रोल नाही. गाडी सुरू करताना मुळात दाबच नसतो, म्हणून स्टार्टर फिरतोय तेवढ्यापुरता पंपाला दुसऱ्या वायरीने करंट. हे सगळं मी पारावर बसून गावाला समजावून सांगितलं. अर्ध्यातच प्रत्येकाला काही ना काही काम आठवलं.

पंप बसवून थोडे महिने झाले आणि गाडीला खोड लागली. स्टार्टर मारला की झकास सुरू व्हायची, थोडं अंतर जायची आणि आचके देऊन गप्प. पुन्हा स्टार्टर मारला की पुन्हा तेवढंच अंतर. बंद पडताना मागची टकटक थांबलेली असायची, म्हणजे पंपच खराब. मी दोनदा पंप बदलला. बटन तपासलं नाही. ते मी स्वतः बसवलं होतं, आणि त्याच बटनावर चालणारा ऑइलचा लाल दिवाही वेळेवर विझत होता. मग तपासायचं काय? शेजारचे म्हणाले, नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. मी म्हटलं, माझी गाडी पेट्रोलवर चालते, लिंबावर नाही. असल्या गोष्टी मी मानत नाही आणि गाडीला कधी बांधूही दिल्या नाहीत.

रविवारी निघालो. शेजारी साळुबाई, तिच्या मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी. मागे सूरजच्या गाडीत तो आणि सूनबाई आरती. आळेफाट्याच्या चौकात गाडीने पहिली बैठक मारली. मी किल्लीला हात घालतोय तोवर एक बाई मागचं दार उघडून आत बसली.

"नारायणगाव ना?"

"बाई, ही शिटा भरनारी वडाप न्हाई."

"मंग थांबवली कशाला?"

मी स्टार्टर मारला, निघालो. पुन्हा थांबलो, पुन्हा मारला, पुन्हा निघालो. त्याच्या पुढच्या थांब्याला बाई उतरली. "ऱ्हाऊ द्या भाऊ, मला आजच पोचायचंय," म्हणाली. मागे सूरज आणि आरती पोट धरून हसत होते, आरशात सगळं दिसत होतं.

अजून ढकलावी लागली नव्हती, एवढाच दिलासा. पण दर थांब्याला बॅटरी उतरत होती. नारायणगाव मागे पडलं आणि कळंबच्या अलीकडे स्टार्टरने एक उसासा टाकला. मग तोही गेला. सूरजने शांतपणे मागे गाडी लावली आणि शेडच्या मालकासारखा उतरला.

मी बोनेटकडे गेलो.

"बोनेट नका उघडू!" साळुबाई आतून ओरडली.

"का गं?"

"उगंच. ऊन हाय."

बोनेट उघडायला ऊन आडवं येतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. उघडलं. ऑइल होतं, प्लग ठीक होते. सगळ्या जगाला दोष देऊन झाल्यावर माणूस स्वतःचं काम तपासतो, तसा मी शेवटी त्या बटनाकडे वळलो. ते ऑइल फिल्टरच्या मागे, पार खाली आहे. दिसत नाही, हात घालून चाचपावं लागतं. हात घातला तर बोटांना काहीतरी कोमट, मऊ, ओलं लागलं.

"उंदीर!" मी उडालो आणि डोकं बोनेटवर आपटलं.

"उंदीर न्हाई," साळुबाई गाडीतून उतरून खाली बघत म्हणाली. "लिंबू हाय."

काळ्या दोऱ्यात ओवलेलं, मिरच्यांसकट, इंजिनाच्या उबेने शिजलेलं लिंबू मी बाहेर काढलं. बटनाचं पंपाकडचं टोक त्याच्या रसाने हिरव्या गंजात पार बुडालं होतं, दिव्याकडचं तेवढं शाबूत. करंट जाणार कुठून? स्टार्टर फिरताना चढलेलं पेट्रोल संपलं की गाडी गप्प.

"पंप बसवला तवा समदी आळी बघाया आली व्हती," ती म्हणाली. "दिष्ट लागंल म्हणून बांधलं. मंग गाडी बंद पडाय लागली, म्हणून दर शनवारी नवं बांधलं."

"अगं, तू बांधत व्हतीस म्हणूनच ती बंद पडत व्हती! आन् एवढ्या गाडीत तुला नेमकं हेच बटन घावलं?"

"तुमीच तर म्हणला व्हता, गाडीचा जीव या बटनात हाय. तुमी त्ये बसवत व्हता तवा उजेडाला हातातली बॅटरी धरून मीच हुबी व्हते की."

अख्ख्या गावात माझं बोलणं कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. हिने ऐकलं होतं, आणि लक्षातही ठेवलं होतं.

"सवत म्हणतीस ना तिला?"

"सवतीला शिव्या मी घालीन. दुसऱ्याची दिष्ट का म्हणून लागू देऊ?" तिने मडगार्डवरून हात फिरवला. "तेजूच्या येळंला कळा सुरू झाल्या, तवा याच गाडीनं मला नारायणगावला नेलं. त्या दिशी कुठं थांबली व्हती का?"

माझे डोळे भरून आले. मी पान्ह्याने टोक खरवडायचं निमित्त केलं, चांगलं चकचकीत होईपर्यंत खरवडलं आणि वायर घट्ट बसवली. आता बॅटरीचाच काय तो प्रश्न होता.

"ढकलावी लागंल," सूरज म्हणाला. "म्हंजी आबा हरले."

साळुबाईने बारशाच्या नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "लिंबू मी बांधलं, ढकलनार बी मीच. यात गाडीनं काय केलं रं?" आणि तिने डिकीला हात लावले. आई भर रस्त्यात गाडी ढकलते आणि आपण हाताची घडी घालून उभे, हे सूरजला कसं जमावं? तोही आला, मागून आरतीही आली.

गाडी सुरू झाली. मागून टकटक ऐकू येत होती आणि ती थांबली नाही. मंचर गेलं, अवसरी आली, मी कुठेही टेकलो नाही. तेजूच्या अंगणात उतरल्यावर सूरज माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेड ऱ्हाऊ द्या तुमालाच. माझी लावतो आंब्याखाली."

तेवढ्यात आमचे व्याही रखमाजी पुढे आले. फियाटभोवती एक फेरी मारली, टपावर थाप मारली. "काय गाडी ठेवलीय राव पावणं! या वयात बी काय पळती!"

नजरबिजर मी मानत नाही, हे वर सांगितलंच आहे. तरी साळुबाईला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पिशवीत एखादं लिंबू हाय का गं?"

तिने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. "हाय की. बांधू कुठं?"

"म्होरं, बंपरला," मी म्हटलं. "जीवापासनं लांब."