हिरव्या खुर्चीचा फोटो

शनिवारी मावशी चष्म्याचं दुकान कायमचं बंद करणार होती. तशी पाटीही लिहून तयार होती. भिंगं घासणारी मी, म्हणजे माझाही गाशा गुंडाळल्यातच जमा. दिवसाला दोन माणसं यायची, त्यातलं एक पत्ता विचारायला.

मंगळवारी चिडून मी डोळे तपासायच्या हिरव्या खुर्चीचा फोटो नेटवर टाकला. खाली लिहिलं, 'हिच्यावर आता कुणी बसत नाही.' एका मुलीने तो पुढे पाठवला. तिथे तिला लाखभर माणसं फॉलो करतात, म्हणे तिला विचारूनच घराबाहेर पडतात. बुधवारी शटर वर करते तर फुटपाथभर रांग! चष्मा कुणालाच नको होता, खुर्चीत बसून फोटो हवा होता. का? तर आधीच्याने काढला म्हणून. मला हसू आवरेना.

मावशीला फोटोबिटो कळत नाही. चाळीस वर्षांची सवय, खुर्चीत कुणी टेकलं की ती एक डोळा झाकते आणि तक्ता वाचायला लावते.

"चौथी ओळ वाच बाळा."

"मावशी, मी फक्त फोटोला आलोय."

"तोंड नंतर वाकडं कर. आधी वाच."

निम्मे चौथ्या ओळीतच गारद. दुपारपासून त्यांची भिंगं घासताना मला मान वर करायला फुरसत नव्हती.

शुक्रवारी ती लाखभरवाली स्वतः आली. दिमाखात बसली. दुसऱ्या ओळीवर अडखळली, तिसरीला सरळ थापा मारू लागली. मावशीने मुकाट्याने चाचणीच्या जाडजूड चौकटीत भिंगं सरकवली, ती तिच्या नाकावर चढवली आणि तिला दारात उभं केलं.

"समोरच्या गच्चीवरच्या आजी मला हात करतायत?"

"सकाळपासून करतायत."

तिने आजींना हात केला. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात मी तीन डोंगर चढले. वरून मी काय बघितलं मग?"

"तुझा फोन," मावशी म्हणाली.

मला वाटलं, आता ही तणतणत निघून जाणार. पण ती इतकी हसली की चौकट नाकावरून घसरली. "म्हणजे मला सगळीकडे परत जावं लागणार."

"खुशाल जा. आधी तुझी लाखभर माणसं इकडे पाठव."

शनिवारी मावशीने पाटी लावलीच. फक्त उलटी करून, मागच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं होतं, 'चौथी ओळ वाचल्याशिवाय फोटो नाही.'