माळ्यावरचा दोर

दर दहा मिनिटांनी एक आकडा.

धुराचा वास.

डावा डोळा.

‘शेरा’ नावाचा एक रिकामा खाना.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या कुठल्याच घरात दोर पावसात भिजत पडत नाही.

यतीन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या दोरांवर काम करी. होडीचा दोर उन्हात किती दिवस टिकतो, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून मालवणला, आपल्याच घराच्या गच्चीवर, त्याने नमुन्याचे दोर ताणून बांधले आणि शेजारी ऊन मोजणारी एक पेटी लावली. पेटी दर दहा मिनिटांनी आकडा नोंदवी. तो अधूनमधून येऊन दोराचा तुकडा कापून नेई आणि पुण्याचं यंत्र तो तुटेपर्यंत ओढी. दोन्ही आकडे संगणक स्वतःच जुळवी आणि दोराच्या प्लास्टिकमध्ये ऊन सोसायचं रसायन किती घालायचं, हे थेट कारखान्यातल्या यंत्राला कळवी. मधे माणूस नव्हता. त्याचंच तर कौतुक होतं.

शेरा: —

२००४ च्या चतुर्थीला यतीन घरी आला, तर गच्चीवर पेटी होती आणि दोर नव्हते.

“आये, दोर खंय?”

“माळ्यार,” सुभद्रा म्हणाली. “मिरगाआधीच घेतलंय. बरो दोर पावसात कुजवक घातलंस मेल्या, लोक काय म्हणतीत? गेल्या वर्साक पण घेतलंय. तू येवच्या आधी परत बांधतंय. औंदा तूच लवकर इलंस.”

यतीन हसला. मग माळ्यावर चढला. दोरांना चुलीच्या धुराचा वास येत होता. पेटीने दोन पावसाळ्यांतलं सगळं ऊन मोजलं होतं. दोरांनी ते पाहिलंच नव्हतं. म्हणून तर ते इतके चिवट निघत होते.

हे नोंदीपुढच्या शेऱ्याच्या खान्यात लिहायला हवं होतं. पण शेरा लिहिला की ती ओळ लाल होई आणि कोणीतरी तपासेपर्यंत संगणक पुढे सरकत नसे. अहवाल त्याच आठवड्यात जायचा होता.

शेरा: —

संगणकाने रसायन निम्म्यावर आणलं. दोर स्वस्त झाला. भिकाजीकाकाने पुतण्याचा दोर म्हणून मुद्दाम तोच घेतला. २००७ च्या मे महिन्यात होडी वाळूवर ओढताना तो तुटला आणि उलटा येऊन काकाच्या डाव्या डोळ्यावर बसला.

यतीन भेटायला आला तेव्हा काका पट्टी बांधून ओटीवर बसला होता.

“आता मासो माका अर्धोच दिसतलो,” काका म्हणाला. “म्हणजे अर्ध्या दरान मिळाक व्हयो.”

यतीनने मान खाली घातली.

“तोंड कित्याक पाडतंस रे? गाठ माझीच चुकली. तुझो दोर बरो होतो.”

“बरोच होतो,” सुभद्रा म्हणाली. आत जाऊन तिने माळ्यावर उरलेला एक नमुना आणला आणि दोन्ही हातांनी ताणून दाखवला. “ह्यो बघा भावोजी. चार वर्सां झाली. अजून तसोच आसा.”

यतीनला ते बघवेना.

“माळ्यार होतो म्हणान तसो आसा, आये.”

“म्हणजे?”

मग त्याने सगळं सांगितलं. पेटी, ऊन, रिकामा खाना. सुभद्राच्या हातातला दोर सैल पडला.

“म्हणजे मिया भावोजींचो डोळो...”

“नाय. तू दोर जपलंस. माका ठावक होता आणि मिया गप रवलंय.”

काकाने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर यतीनला बरं वाटलं असतं.

“शेजारच्या दाजीन पण तोच दोर घेतल्यान,” काका म्हणाला. “त्याची होडी आज सांजेक वर काढतत. पुण्याक मागसून कळव. आधी थंय जा.”

यतीन अनवाणीच उतरला आणि तापलेल्या वाळूतून किनाऱ्याकडे धावत सुटला.

२००४ साली लाल ओळ तपासून व्हायला साधारण नऊ दिवस लागत.