वैशालीचा वेल

"अगो आई! सोडत नाय ती!"

सुनेची, श्रुतिकाची किंकाळी ऐकून रखमा परसात धावली. दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा काठ वेलाने धरून ठेवला होता. पानांचे देठच वळसे घालून आधार धरायचे, अशी या वेलाची रीत. पानंही पाच बोटांच्या पंजासारखी आणि त्यांत कातरलेल्या पाकळ्यांची पिवळीधमक फुलं.

भरत कोयता घेऊन आला. "आये, आज तोडतोच. पोटुशी हाय ती. घाबरून मरायची एखाद्या दिवशी."

"हात लावू नको," रखमा म्हणाली.

भरतची पहिली बायको वैशाली मुंबईत एका बंगल्याच्या बागेत कामाला होती. गावी परतताना तिने हे बी आणलं. रखमा कापडे गावी बहिणीकडे निघाली तेव्हा वैशालीने चिमूटभर चिंधीत बांधून दिलं, "मावशीच्या दारात लावा." रखमा तिकडे असतानाच इकडे डोंगर खाली आला. घर गेलं, वैशाली गेली, तिची म्हणून राहिली ती चिंधी. दरडीतून बाई काढली की ओळखायला रखमाला बोलावत. प्रत्येकीचं तोंड बघून ती एकच सांगे, "ही नाय." वैशाली शेवटपर्यंत सापडली नाही.

पुढे भरतचं दुसरं लग्न झालं. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून नव्या बायकोच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक, चेहरा उठवलेला चांदीचा पत्रा, बांधतात. रखमाने साफ नकार दिला होता. "जितीचा टाक करतात काय रे?" आशा वेडी असते. नव्या घरामागे तिने ते बी टोचलं आणि रोज सकाळी वेलाशी बोलू लागली.

श्रुतिका साडी तशीच सोडून मागे सरली. "आत्या, मला तिचा राग नाय. पण तिला कुठं तरी जागा द्या. खिडकीत हात दिसतात मला."

रखमाने त्या पोरीच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. ती वाकली आणि साडीवरचा एकेक देठ हळूच सोडवू लागली. "सोड गो बाय. ही पण आपलीच हाय."

मग तिने पेटीतली आपली जोडवी काढली आणि भरतला महाडच्या सोनाराकडे धाडलं.

टाक आला. त्यावर साऱ्या टाकांवर असतो तसलाच चेहरा होता. नाकाची रेघ, डोळ्यांची दोन टिंबं. श्रुतिकाने तो काळ्या दोऱ्यात ओवून सासूपुढे धरला. रखमाने पदराने पुसला, दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही हाय," ती म्हणाली. "हीच."